पहिला हेडफोन घेताय? आधी तंबोऱ्याची जवारी ऐका

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगलीत राहणाऱ्या आणि गाणं शिकायला मिरजेला जाणाऱ्या एका विद्यार्थिनीला पहिला हेडफोन घ्यायचाय. बजेट ५,००० रुपये. ऐकणं मुख्यतः ख्याल, नाट्यसंगीत, अभंग, आणि मधूनमधून सिनेमातली नवी गाणी. फोनला जुना गोल जॅक नाही. जाता-येता एसटीत ऐकायचंय आणि घरी रियाजालाही वापरायचाय. धाकटा भाऊ म्हणतो ‘एक्स्ट्रा बास’वाला घे, दुकानदार ब्लूटूथचा नेकबँड पुढे करतो. विद्यार्थिनीने विचारलंय, ‘शास्त्रीय संगीतासाठी कोणता हेडफोन चांगला?’

ताई, प्रश्न बरोबर आहे, फक्त थोडा वेगळा मांडायला हवा. ‘शास्त्रीयसाठी’, ‘रॉकसाठी’ असे हेडफोन कारखान्यात वेगवेगळे बनत नाहीत. प्रत्येक हेडफोन आवाजाचा काही भाग पुढे आणतो आणि काही मागे ढकलतो. म्हणून आपण गाण्यात नेमकं कशासाठी कान टवकारतो ते आधी ठरवायचं. त्याच्याही आधी ठरवायचं ते ऐकण्याचं ठिकाण, कारण एसटीतला हेडफोन आणि रात्री शांत खोलीतला हेडफोन यांच्या गरजा एकमेकींच्या उलट आहेत. तुम्हाला दोन्ही हवंय, म्हणून उत्तर जरा लांबणार.

ठिकाणापासून सुरुवात करू. हेडफोनचे ढोबळ तीन प्रकार. कानाच्या नळीत रबरी टोपी घालून बसवायचा इअरफोन. कान पूर्ण झाकणारा, मागून बंद हेडफोन. आणि कान झाकणारा पण मागून जाळीचा, उघडा हेडफोन. उघड्याचा आवाज मोकळा असतो, गायक डोक्याच्या आत न वाटता जरा बाहेर बसल्यासारखा वाटतो. शास्त्रीय ऐकणारे त्याची शिफारस करतात ती याचसाठी. पण तो बाहेरचा आवाज जवळजवळ अजिबात अडवत नाही. मे महिन्यात सांगलीत पंखा बंद करून कोण ऐकणार? पंख्याची घरघर तंबोऱ्याच्या खर्जावरच येऊन बसते, आणि एसटीत तर इंजिनापुढे काहीच उरत नाही. शिवाय तुमचं गाणं शेजारच्या सीटवरच्यालाही ऐकू जातं. तेव्हा पहिला आणि एकुलता एक हेडफोन म्हणून उघडा प्रकार तुमच्यासाठी नाही.

मागून बंद हेडफोन घरात चांगला, पण आपल्याकडच्या उन्हाळ्यात अर्ध्या तासात कान घामेजतात. गाद्यांचं रेक्झिन घामाने आणि पावसाळी दमटपणाने वर्ष-दोन वर्षांत सोलून काळे पापुद्रे पडायला लागतात. चष्मा असेल तर त्याच्या काडीमुळे गादी आणि कातडी यांत फट राहते आणि तिथून बास निसटतो. कानात बसणारा इअरफोन नीट बसला तर बाहेरचा आवाज साधारण १५ ते २५ डेसिबलने कमी करतो, तोही बॅटरीशिवाय. एवढा फरक एसटीला पुरतो. म्हणून माझं मत सरळ आहे: तुम्ही वायरचा, कानात बसणारा इअरफोन घ्या. फक्त रस्ता ओलांडताना तो काढून ठेवा.

आता आवाजाकडे. तुम्ही मिरजेला जाता म्हणजे तंबोऱ्याची जवारी काय असते ते तुम्हाला सांगायला नको. घोडीची पाठ किंचित गोलसर घासलेली असते, तार तिला पुसटशी स्पर्श करत थरथरते, आणि घोडी आणि तार यांच्यामध्ये सुताचा दोरा सरकवून नेमकी जागा पकडली की एका तारेतून सुरांचा झोत उठायला लागतो. दोरा केसभर इकडेतिकडे झाला तरी तंबोरा मुका होतो. हेडफोन तपासायला याहून चांगलं काही नाही, कारण जवारीत एकाच वेळी खालपासून वरपर्यंत सगळं असतं. काळी एकच्या (हार्मोनियमच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या) तंबोऱ्याचा षड्ज सुमारे १३९ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला तितकी कंपनं, खर्जाची तार त्याच्या निम्मी, म्हणजे ६९च्या आसपास. तुमचा स्वर काळी चार असेल तर षड्ज २०८ आणि खर्ज १०४. पण जवारीचा जो सोनेरी झोत आपण म्हणतो तो या आकड्यांत नाही. तो त्यांच्या पटीतल्या वरच्या स्वरांत, हजार-दोन हजार हर्ट्झपासून पुढे पाच-सहा हजारांपर्यंत पसरलेला असतो.

म्हणून नुसता तंबोरा लावा आणि ऐका. ज्या हेडफोनमध्ये दोन ते पाच हजारांचा पट्टा दाबलेला आहे, त्यात तंबोरा नुसता ‘घूं’ करतो. खर्ज भरपूर, पण जवारी बंद पडल्यासारखी. ज्यात तोच पट्टा फाजील उचललेला आहे, त्यात तंबोरा पत्र्याच्या डब्यात माशी अडकल्यासारखा चिरचिरतो आणि दहा मिनिटांत कान दुखायला लागतात. चांगल्या इअरफोनमध्ये चारही तारा वेगळ्या मोजता येतात आणि तरी त्यांचं एक वलय तयार होतं. पंचमाची तार छेडल्यावर खर्जाची तार येईपर्यंत आधीचा नाद विरत कसा जातो तेही कळतं.

बासची गोष्ट भावाला नीट समजावून सांगा, कारण नव्याने घेणाऱ्यांची सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. ‘एक्स्ट्रा बास’ लिहिलेल्या स्वस्त मालात नुसता खालचा पट्टा उचललेला नसतो. ती सूज वर २००-३०० हर्ट्झपर्यंत चढते. पुरुष गायकाच्या आवाजाचा पाया आणि हार्मोनियमचं खालचं सप्तक नेमकं तिथेच असतं. शिवाय मोठा खालचा आवाज त्याच्या वरच्या बारीक आवाजाला झाकून टाकतो, हा कानाचाच गुणधर्म आहे. परिणाम असा की गायक रांजणात तोंड घालून गातोय असं वाटतं. नाट्यपदात शब्द हाच अर्धा जीव, आणि तोच पुसला जातो.

यासाठी दुसरी कसोटी डग्ग्याची. विलंबित ख्यालातला तबला लावा आणि डग्ग्यावरचा ‘घे’ ऐका. वादक मनगटाचा दाब देऊन तो स्वर खालून वर ओढतो, ती मींड कानाला स्पष्ट कळली पाहिजे. फुगवलेल्या बासमध्ये प्रत्येक ‘घे’ एकाच स्वरावर ‘धप्प’ असा पडतो. बास भरपूर असतो, पण डग्गा बोलत नाही. आणि उजव्या तबल्याच्या ‘ना’मध्ये आधी किनारीचा टणत्कार आणि मागोमाग स्वर असं दोन्ही यायला हवं. नुसता टिचकी मारल्यासारखा आवाज आला तर वरचा पट्टा तीक्ष्ण आहे आणि मधला रिकामा.

तिसरी कसोटी शब्दांची. ‘स’, ‘श’, ‘च’, ‘छ’ या व्यंजनांची सळसळ साधारण पाच ते आठ हजार हर्ट्झमध्ये असते. स्त्री-आवाजातला अभंग नेहमीच्या आवाजापेक्षा किंचित मोठा लावा. प्रत्येक ‘स’ला डोळे बारीक होत असतील तर तो इअरफोन परत ठेवा, मग त्याचा ‘तपशील’ कितीही वाखाणलेला असो.

जुनं ऐकणाऱ्यांनी एक गोष्ट वेगळी लक्षात घ्यायला हवी. अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली गेले. त्यांचं किंवा बालगंधर्वांचं त्या काळातलं जे गाणं आज आपल्याला मिळतं, ते ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवरून घेतलेलं आहे. एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटं, आवाज मोनो, म्हणजे दोन्ही कानांत एकच, आणि साधारण पाच-सहा हजार हर्ट्झच्या वर संगीत फारसं नाहीच, आहे ती मुख्यतः सुईची खरखर. चमकदार हेडफोन त्या खरखरीलाच उजळतो. मोनो असल्यामुळे गायक कायम डोक्याच्या मधोमध बसणार, महाग उघड्या हेडफोनने तिथे ‘मैफिलीची जागा’ वाढत नाही. म्हणजे तुमचं निम्मं ऐकणं तबकड्यांचं असेल तर मधला पट्टा स्वच्छ आणि वरचा मवाळ असा इअरफोन पुरे. त्यासाठी दहा हजार घालण्याने काही वेगळं ऐकू येणार नाही.

उलट सिनेमातलं नवं गाणं, जिथे ढोलकी, हलगी, व्हायोलिनांचा ताफा आणि सिंथचा बास एकाच वेळी येतात, तिथे वाद्यं वेगळी कळणं आणि खालचा तळ या दोन्हींची गरज लागते. भावाच्या हिप-हॉपमध्ये ३० ते ६० हर्ट्झचा भाग खरोखर असतो. तो हवाच, त्याचं म्हणणं चुकीचं नाही. पण कानात घट्ट बसलेला साधा इअरफोनही तो देतो, आणि कमी वाटला तर फोनमध्ये वाढवता येतो. अँड्रॉइडवर वेव्हलेटसारखं इक्वलायझर अॅप घ्या. १०० हर्ट्झच्या खाली ४ डेसिबल वाढवा आणि त्याचबरोबर प्रीअॅम्प, म्हणजे एकूण आवाजाची पातळी, ४ डेसिबलने कमी करा, नाहीतर ठोक्याला आवाज फाटतो. त्याचं झालं की सेटिंग बंद, तुमचा तंबोरा पहिल्यासारखा. तोल चांगला असलेल्या इअरफोनमध्ये बास असा घालता येतो. फुगवलेला बास मात्र कापून फारसं साधत नाही, कारण स्वस्त ड्रायव्हरची, म्हणजे आवाज काढणाऱ्या आतल्या पडद्याची, थरथर कापल्यावरही मागे राहतेच.

‘बासच येत नाही’ म्हणून लोक जे इअरफोन परत करतात, त्यात बहुतेकदा इअरफोनचा दोष नसतो, टोपीचा असतो. डब्यात लहान, मध्यम, मोठ्या अशा तीन मापांच्या सिलिकॉनच्या टोप्या येतात आणि लोक लावून आलेली मध्यमच ठेवतात. कान आणि टोपी यांत केसभर फट राहिली तरी खालचा पट्टा गायब होतो आणि उरतं ते किरकिरं. कान वरच्या बाजूला किंचित ओढून धरा, इअरफोन फिरवत आत बसवा आणि कान सोडा. बाहेरचा पंखा दबला म्हणजे बसला. मग जबडा हलवून पाहा, निसटत असेल तर एक माप वर जा. दोन्ही कानांना वेगळं माप लागू शकतं, त्यात काही वावगं नाही.

आता ब्लूटूथ. नेकबँड सोयीचा आहे हे मान्य. पण याच पैशातला थोडा भाग बॅटरी, चिप आणि माइकवर जातो, आवाजावर तेवढा कमी खर्च होतो. कोडेकची, म्हणजे आवाज दाबून पाठवण्याच्या पद्धतीची, काळजी तुम्ही करू नका. एसबीसी असो, एएसी असो की एलडीएसी, एसटीत फरक कळणं कठीण. खरी अडचण वेगळी आहे. एक म्हणजे बॅटरी दोन-तीन वर्षांत मंदावते आणि बारक्या इअरबडमध्ये ती बदलून मिळणं अवघड असतं. दुसरी रियाजाची. ब्लूटूथमध्ये आवाज साधारण पाव सेकंदाच्या आसपास उशिरा कानावर येतो. तंबोऱ्याला त्याने बिघडत नाही. तबल्याच्या अॅपबरोबर नुसतं गातानाही नाही, कारण तुम्ही ऐकू येईल त्यालाच धरून गाता. पण ठेका कानात वाजवून स्वतःचं गाणं फोनवर ठेक्यासकट रेकॉर्ड केलंत तर हिशोब करा: मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत एक मात्रा अर्ध्या सेकंदाची. पाव सेकंद म्हणजे अर्धी मात्रा. समेवर बरोबर येऊनही रेकॉर्डिंगमध्ये तुम्ही मागेच पडलेल्या ऐकू याल आणि दोष स्वतःच्या तालाला द्याल. वायर असली की हा प्रश्न उद्भवत नाही.

रियाजाबद्दल आणखी एक. दोन्ही कान बंद करून गायलात तर तुमचाच आवाज कवटीतून आतल्या आत घुमतो, खालचा भाग फुगतो आणि स्वर नेमका कुठे लागला याचा अंदाज चुकतो. म्हणून गाताना एकच कान लावा, दुसरा मोकळा ठेवा. तंबोरा इतकाच मोठा ठेवा की मोकळ्या कानाने स्वतःचा आवाज सहज ऐकू यावा. जमेल तेव्हा रियाजाला तंबोरा स्पीकरवरच लावा. इअरफोन हा ऐकण्यासाठी, गाण्यासाठी तो नाइलाज म्हणून.

जॅक नसलेल्या फोनला टाइप-सी डोंगल, म्हणजे चार्जिंगच्या भोकात लावून इअरफोनची गोल पिन जोडायचा छोटा तुकडा, लागेल. डोंगल दोन प्रकारचे मिळतात. एकाच्या आत डॅक म्हणजे आकडे आवाजात बदलणारी चिप असते, दुसऱ्यात नुसती वायर. नुसत्या वायरचा बहुतेक फोनवर मुकाच राहतो, म्हणून डब्यावर ‘डॅक’ लिहिलेलं बघूनच घ्या. अॅपलचा टाइप-सी डोंगल चांगला आहे, पण अनेक अँड्रॉइड फोनवर तो फार हळू वाजतो. तुमचा फोन अँड्रॉइड असेल तर दुसरा बघा.

डब्यावरच्या आकड्यांपैकी ओहम, म्हणजे विजेला होणारा अडथळा, तेवढा बघा. १६ ते ३२ ओहमचा इअरफोन बहुतेक डोंगलवर मोकळा वाजतो. सेनहायझर एचडी ६०० सारखे ३०० ओहमचे हेडफोन नावाजलेले आहेत, पण ते फोनसाठी नाहीत, त्यांना अॅम्प, म्हणजे आवाजाला जोर देणारं वेगळं यंत्र, लागतो. ‘२० ते २०,००० हर्ट्झ’ हा आकडा जवळपास प्रत्येक डब्यावर असतो आणि त्यावरून काहीच कळत नाही. ड्रायव्हर १० मिलिमीटरचा की १३चा, हेही तसंच.

तर पैशांची वाटणी मी अशी करीन. दोन हजारांच्या आसपास वायरचा इअरफोन. या पट्ट्यात मूनड्रॉपचा चू २ किंवा सेव्हन-हर्ट्झचा झीरो यांसारखे पर्याय आहेत. दोन्हींमध्ये गायकाचा आवाज जागेवर असतो आणि दोन्हींची वायर सुटी निघते. ही वायर सुटी निघणं फार कामाचं आहे, कारण दुरुस्तीला येणाऱ्या इअरफोनमध्ये बहुतेकदा जॅकपाशी किंवा कानापाशी वायरच तुटलेली असते. ती बदलता आली तर तोच इअरफोन पाच-सहा वर्षं चालतो. पाच-सातशे रुपयांत डोंगल. उरलेले दोन-अडीच हजार लगेच खर्च करू नका. तीन महिने ऐका. घरी कान झाकणाराच हवा असं तेव्हाही वाटलं तर भर घालून ऑडिओ-टेक्निकाच्या एम२०एक्ससारखा बंद हेडफोन बघा. ४७ ओहमचा आहे, पण वायर तीन मीटरची आणि न निघणारी, म्हणजे तो टेबलाशी बसून ऐकण्याचा, एसटीतला नाही. किमती वरखाली होत असतात, घेताना पडताळून बघा.

ऐकून बघायची संधी मिळाली, मित्राचा असो की दुकानातला, तर आपली चार गाणी फोनमध्ये आधीच डाउनलोड करून न्या: नुसता तंबोरा, विलंबित ख्याल, स्त्री-आवाजातला अभंग आणि एक गजबजलेलं सिनेमातलं गाणं. दोन इअरफोनची तुलना करताना गायकाचा आवाज दोन्हीकडे सारखा मोठा ठेवा. जो किंचित मोठा वाजतो तोच कानाला चांगला वाटतो, भल्याभल्यांचे कान इथे फसतात. आणि पहिल्या मिनिटाच्या ‘वा!’वर जाऊ नका. एकच गाणं पूर्ण ऐका, मग दुसऱ्यावर तेच. ऑनलाइन घेणार असाल तर पानावर ‘रिटर्न’ लिहिलंय की नुसतं ‘रिप्लेसमेंट’ ते आधी वाचा. कानात घालायच्या वस्तू आवडल्या नाहीत म्हणून बऱ्याच ठिकाणी परत घेत नाहीत, खराब निघाली तरच बदलून देतात.

आवाजाची पातळी ही मात्र चवीची बाब नाही. जागतिक आरोग्य संघटनेची मोठ्या माणसांसाठीची मर्यादा आठवड्याला ४० तास ८० डेसिबल अशी आहे, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे ८३ला २० तास, ८६ला १०. एसटीत इंजिनावर मात करायला लोक आवाज चढवतात आणि उतरल्यावर तसाच ठेवतात. टोपी घट्ट बसली असेल तर चढवायची वेळच येत नाही. घरी शांततेत बेताचा आवाज ठरवा, एसटीत त्याच्यावर दोन खाचांपेक्षा जास्त जाऊ नका. तुम्हाला पुढची चाळीस वर्षं याच कानांनी श्रुती ओळखायच्या आहेत.

वापरायला लागल्यावर एक दिवस ‘एका बाजूचा आवाज कमी झालाय’ असं होणार, ते आत्ताच सांगून ठेवतो. घाबरू नका. टोपी काढा, नळीच्या तोंडाशी बारीक जाळी दिसेल. तिच्यावर कानातला मळ बसलेला असतो. जाळी जमिनीकडे करून धरा आणि कोरड्या मऊ ब्रशने खालून हलक्या हाताने झाडा, म्हणजे कचरा आत न जाता खाली पडतो. पिन घालू नका, फुंकरही मारू नका, तोंडातली वाफ आत जाते. टोप्या साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळल्यावरच परत लावा. पावसाळ्यात डबीत सिलिका जेलची एक पुडी टाकून ठेवा, आणि वायर फोनभोवती करकचून न गुंडाळता हाताच्या चार बोटांवर सैल वेटोळी करून डबीत ठेवा.

भाऊ अजूनही अडून बसला तर दोघं मिळून डग्ग्याची कसोटी करा. त्याच्या आवडीचा ‘एक्स्ट्रा बास’ एका कानाला, तुमचा साधा दुसऱ्या कानाला असं नको. एकापाठोपाठ एक, सारख्या आवाजात. ‘घे’ वर ओढला जातो तो कुठे ऐकू येतो, एवढंच त्याला विचारा.